वेगळ्या पाकिटातली अकरा

बंगळूर
१४ एप्रिल २००५

ती. गोरखदादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. घरच्या फोनवर बोलायचं म्हणजे वहिनीपासून आळीतल्या चौघींपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. तू कामाला असतोस त्या दुर्बिणीच्या आवारात तुझा मोबाईल बंद असतो आणि तू घरी आलास की रेंज नसते. म्हणून हा कागद.

इथला मला वीट आलाय. वसतिगृहाची मोरी आठ दिवस तुंबलीय, त्या पाण्यावर कुणाचे तरी केस तरंगतायत, आणि विश्वाचा जन्म कसा झाला हे सांगणाऱ्या पन्नास जणींपैकी एकीलाही त्यात हात घालावासा वाटत नाही. शेवटी मीच घातला. जेवणघरातल्या ताकाला काल भांडी घासायच्या चिंधीचा वास होता. पण या सगळ्याहून जास्त किळस मला माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची आली आहे. त्याचं कारण सांगते, जरा सबुरीनं वाच.

मी काय करते हे तू दर सुट्टीत विचारतोस आणि मी दर वेळी उडवून लावते. आज सरळ लिहिते. आकाशात शेकडो दीर्घिका एकत्र असतात, त्याला आम्ही पुंजका म्हणतो. त्या पुंजक्यात तापलेला वायू भरलेला असतो, कोट्यवधी अंश तापलेला. पुंजका जितका जड तितका वायू जास्त तापतो. किती जड असला तर किती तापतो, याचा हिशेब ठरीव असतो. कागदावर एकेका पुंजक्याचं टिंब मांडत गेलं की त्यांची एक तिरकी रेघ तयार होते. भांडण आहे ते त्या रेघेच्या चढावरून. जगातले बहुतेक लोक म्हणतात की पुंजक्यांत न दिसणारा कसला तरी पदार्थ ठासून भरलाय. आमचे सर म्हणतात, असला पदार्थ कुणी पाहिलेला नाही. जिथं ओढ फार क्षीण होते तिथं गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो. सरांचं खरं असेल तर तापमान दुप्पट झालं की पुंजक्यातला दिसणारा माल चौपट भरायला हवा. दुसऱ्यांचं खरं असेल तर पावणेतीनपटीच्या आसपास.

माझ्याकडे चव्वेचाळीस पुंजके आहेत. त्यातले काही एकमेकांवर आदळत असतात, दोनाचा एक होत असतो. आदळाआदळीत वायू उगाच तापतो, त्यामुळे त्यांचं तापमान धरायचं नसतं. ते वगळणं गैर नाही, सगळेच वगळतात. मी त्यांना जोड म्हणते. बराखीत साठवणीचा कांदा भरण्याआधी दोन माना असलेले जोड बाजूला टाकतो ना, तसंच. लहानपणापासून हाताला तीच सवय आहे. मी अकरा जोड काढले आणि उरलेल्या तेहतिसांचा हिशेब चौपट आला. सर खुर्चीवरून उठले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला चहा पाजला.

आणि हा शेजारचा म्हणतो की तू आलेख बघून नको ती टिंबं उडवलीस. सगळ्यांसमोर म्हणाला, आणि म्हणताना केळं खात होता. मला इतकी तिडीक आली की मी उठून गेले.

सोबत चव्वेचाळीस छायाचित्रं पाठवतेय. तेहतीस मोठ्या पाकिटात आहेत आणि अकरा जोड लहान पाकिटात. नंबर मागे पेन्सिलीनं लिहिलेत. आईला दाखव. जोड निवडण्यात तिचा हात धरणारं खोडदमध्ये कुणी नाही, आणि तिला यातलं काडीचंही माहीत नाही, त्यामुळे तिचं मत मोलाचं. जूनअखेर आमचा निबंध छापायला जायचाय. त्यावर माझी जर्मनीतली दोन वर्षांची जागा अवलंबून आहे आणि माझा प्रबंधही. तेव्हा हयगय करू नकोस.

आईला शि. सा. न. वहिनीस नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
वैजू


खोडद
९ मे २००५

चि. वैजूस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. उशीर झाला कारण कांद्याची काढणी, पात कापणी, निवड सगळं एकदम अंगावर आलं. पिंपरी पेंढारहून झुंबरबाईची टोळी आणली होती. बाया चांगल्या, पण झुंबरबाई तंबाखू मळते आणि त्याच हातानं आपल्या तांब्यात पाणी पिते. मी तो तांब्या तिलाच देऊन टाकला.

मोरीचं तू लिहिलंस ते वाचून वहिनी हसली. मी हसलो नाही. कारण परवा मी दुर्बिणीच्या अँटेनेवर ग्रीस मारायला चढलो तर गिअरपाशी पारव्यांनी सहा महिन्यांची विष्ठा साठवलेली. वर ऊन, खाली ती घाण, आणि तोंडावरचा रुमाल घामानं भिजलेला. साहेब लोक खाली खोलीत बसून तारे ऐकतात आणि आम्ही वर हे खरवडतो. दोन दिवस भाकरीला तोंड लावावंसं वाटलं नाही. बराखीच्या कोपऱ्यात गेल्या साली खाली राहून सडलेले कांदे काढले, त्यांचं पाणी पायावर आलं. तो वास पायातून अजून जात नाही. म्हणजे तुझ्यासारखाच माझाही महिना घाणीत गेला म्हण.

आता कामाचं. आईला फोटो दाखवले. आधी तिला वाटलं तुझ्या लग्नासाठी मुलांचे फोटो आलेत, म्हणून हात पुसून बसली. काळ्यात पांढरे डाग बघून तिचा विरस झाला. मी समजावून सांगितलं. लहान पाकिटातले अकरा तिनं बघितले आणि अकराही जोड आहेत म्हणाली. मोठ्या पाकिटातले चांगले आहेत म्हणाली. तेव्हा तुझ्या त्या केळंवाल्याला सांग, की बाबा रे, चाळीस वर्षं कांदा निवडलेल्या बाईनं शिक्का मारलाय.

जर्मनीला जाशील तेव्हा लोणचं किती न्यावं याचा विचार आईनं आत्ताच सुरू केलाय. तिकडं थंडी फार म्हणे. स्वेटर वहिनी विणतेय, रंग मात्र विचारू नकोस.

सगळे खुशाल. चुकलंमाकलं पोटात घाल आणि लिहीत जा.

तुझा दादा,
गोरख


बंगळूर
१८ जुलै २००५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निबंध गेला. जर्मनीहून निरोप आला की छापायला घेतल्याचं पत्र आलं की जागा पक्की. तुला आणि आईला मनापासून धन्यवाद. स्वेटर मिळाला. रंग खरोखरच विचारण्यासारखा नाही, पण रोज घालते.

आनंद व्हायला हवा आणि होतोही, पण त्यात खडा लागलाय. सरांनी सगळ्या संस्थेसमोर आमच्या कामावर व्याख्यान दिलं. मधेच आईची गोष्ट सांगितली. खेड्यातली, अंगठा उठवणारी बाई, कांदे निवडते, आणि तिनं आमच्या अकरा पुंजक्यांना एका झटक्यात जोड ठरवलं. सगळे हसले, टाळ्या पडल्या. मीही हसले. मग खोलीत येऊन बसले तेव्हा ते हसणं कानातून जाईना. त्यांनी आईला एखाद्या हुशार माकडासारखं दाखवलं आणि मी टाळ्या वाजवल्या. आई अंगठा उठवत नाही, सही करते, एवढंही मी उठून सांगितलं नाही.

अजून एक. निबंधात सरांनी तळटीप घातलीय, की या विषयाशी संबंध नसलेल्या एका स्वतंत्र व्यक्तीकडून, आमचा निर्णय तिला न सांगता, ही निवड पडताळून घेतली. ते वाक्य मी वाचलं तेव्हा सरांचा मजकूर नियतकालिकाकडे जायला अर्धा तास होता. मी मान डोलावली. आता चार दिवस तेच वाक्य डोक्यात फिरतंय. दादा, तू दाखवण्याआधी सगळे फोटो मिसळले होतेस ना? मिसळले असशीलच. तरी एका ओळीत कळव.

आईच्या गुडघ्याचं काय झालं? मंचरच्या डॉक्टरांकडे नेतो म्हणाला होतास. नेलंस का, की अजून नुसतं तेलच चोळताय?

तुझ्या पत्राची वाट पाहते. आईवरचा आणि माझ्यावरचा लोभ वाढता ठेव.

वैजू


खोडद
२८ ऑगस्ट २००५

चि. वैजूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. एका ओळीत कळव म्हणालीस. ती ओळ लिहायला महिना लागला. मी फोटो मिसळले नव्हते.

झालं ते असं. मी आईला लहान पाकीट दिलं आणि म्हणालो की वैजूनं ही अकरा जोड म्हणून काढलीत, बघ बरं आहेत का. तिनं वरची दोन-तीन बघितली, बाकीची पत्त्यांसारखी सरकवली आणि म्हणाली, ती म्हणती तर जोडच आसत्याल. मोठं पाकीट तिनं उघडलंसुद्धा नाही. मी तुला लिहिताना ते सगळं गाळलं. तुझं काम अडू नये एवढाच विचार होता. स्वतंत्र व्यक्ती, न सांगता वगैरे छापून येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. लोक हसले ते गाळणार होतो, पण तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला गाळता आलं नाही. हसण्याचं तिला काही वाटलं नाही. तळटीप ऐकल्यावर मात्र तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. म्हणाली, "लेकीचं मन राखाया म्या हो म्हणले. त्ये तिनं छापाया दिलं? माज्या नावावर?" नाव छापलेलं नाही असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली की मग तर लईच घाण झालं. दोन दिवस मी केलेला चहा घेतला नाही, वहिनीनं केलेला घेतला. माझी मलाच इतकी शिसारी आली वैजू, की पारव्याची घाण परवडली.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली की आण ती चित्रं. तुझे मागचे पेन्सिलीचे नंबर मी कागद चिकटवून झाकले, चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस मिसळले, आणि वहिनीला द्यायला लावले, कारण माझ्या चेहऱ्यावरून तिला कळतं. मी गोठ्यात जाऊन बसलो. भर दुपारी अंगणात गोणपाट टाकून ती तीन तास बसली होती. तुला माहीतच आहे, जोडाला दोन माना असतात. ती प्रत्येक चित्रात मान शोधत होती. एकेक उन्हाकडे धरायची, लांब न्यायची, जवळ आणायची. काही चित्रं चार चार वेळा मागून घेतली.

तिनं एकंदर नऊ जोड काढले. त्यातले सहा तुझ्या लहान पाकिटातले आहेत. तीन तुझ्या चांगल्यांतले निघाले. तुझ्या अकरांतले पाच तिनं चांगल्यांत टाकले. त्या पाचांना एकच मान हाय, गोल गरगरीत माल हाय, ह्ये कोन जोड म्हणंल, असं म्हणाली. नंबर खाली लिहिलेत. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसळून दिले, तेव्हाही तेच नऊ आले.

मला शिव्या घालायच्या तर घाल. वाईट वाटून घेणार नाही.

मोठा असून चुकलो, एवढं पदरात घे.

गोरख


बंगळूर
१९ सप्टेंबर २००५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शिव्या घालणार होते. पहिले दोन दिवस मनात घातल्याही, आणि त्यातल्या निम्म्या मामांच्या गावच्या, अवसरीच्या होत्या, त्यामुळे लिहिण्यासारख्या नाहीत. मग मी माझी वही काढली आणि तुला शिव्या घालायचा माझा हक्क संपला.

वहीत मी रोजच्या तारखा घालते. त्या अकरांपैकी सहांच्या पुढे जोड असं डिसेंबरात लिहिलंय, निळ्या शाईत. तीन जानेवारीला मी पहिल्यांदा आलेख काढला. उरलेल्या पाचांपुढे जोड असं लिहिलंय ते पाच जानेवारीला, काळ्या शाईत. ते कुठले पाच हे तुला सांगायला नको. आईनं ज्यांना एकच मान आहे म्हणून चांगल्यांत टाकले तेच. ते पाच रेघेपासून सगळ्यात लांब पडत होते. ते लांब पडले म्हणून मी त्यांची चित्रं पुन्हा काढून बघितली, आणि लांब पडले म्हणूनच मला त्यांत दोन माना दिसल्या. आईचे तीन जोड मला दिसले नाहीत, कारण ते अगदी रेघेवर बसले होते. केळं खाणारा शब्दन्‌शब्द खरं बोलत होता.

सगळ्यात घाण गोष्ट अजून सांगायची आहे. मला हे मुळात माहीत नव्हतं असं नाही. एप्रिलमध्ये फोटो पाठवताना ते मी दोन पाकिटांत का घातले? एकत्र घालून पाठवता आले असते. पाकिटं करतानाच मला काय हवं होतं ते मी ठरवलं होतं. तू फक्त पोस्टमनचं काम केलंस.

आईच्या निवडीनं हिशेब पुन्हा केला. चौपट येत नाही. सव्वातीनपट येतं, आणि टिंबं अशी विस्कटलेली की सरांनाही त्यातून काही सिद्ध करता येणार नाही आणि समोरच्यांनाही. चार वर्षांनी हाती लागलं ते हे.

सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की ते पाच एकामागे एक उभे असतील, समोरून बघणाऱ्याला जोडसुद्धा गोलच दिसतो. ही शंका खोटी नाही, तसं होऊ शकतं. मी विचारलं की मग रेघेवरच्या गोलांमागे कुणी उभं आहे का हे आपण का बघितलं नाही. ते हसले. म्हणाले की छापायला घेतल्याचं पत्र कालच आलंय, जर्मनीला कळवलंय, आणि कांदे निवडणाऱ्या बाईचं मत दुसऱ्यांदा कोण विचारत बसतंय. त्याच बाईच्या मतावर जुलैत टाळ्या घेतल्या होत्या. त्यांच्या टेबलावर बिस्किटांची बशी होती, ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी एक घेतलं. दादा, ते मी खाल्लंसुद्धा. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, तरी ती गोडसर चव दुपारपर्यंत गेली नाही.

आता एकतर गप्प बसून जर्मनीला जायचं, किंवा निबंध मागे घ्यायचा. मधलं काही नाही. मी अजून ठरवलेलं नाही, हे तुला लिहायला लाज वाटते. आईला एवढंच सांग की तिचा हिशेब बरोबर आहे.

रागावलेली असले तरी तुझीच,
वैजू


बंगळूर
२० फेब्रुवारी २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नोव्हेंबरात निबंध मागे घेतला. इतके दिवस कळवलं नाही, कारण काय कळवायचं तेच सुचत नव्हतं. जर्मनीची जागा गेली. सरांनी माझं मार्गदर्शन सोडलं. जिन्यात भेटले की घड्याळ बघतात. टाळ्या वाजवणारे आता जेवणघरात माझ्या बाकावर बसत नाहीत. सरांचा नियम मोडला म्हणून नव्हे, आपलंच घाणेरडं धुणं बाहेर वाळत घालणारी बाई म्हणून. केळंवाला मात्र येऊन बसतो. त्याच्याशी बोलावंसं वाटत नाही, कारण तो बरोबर होता.

नवीन मार्गदर्शक बाई निवृत्तीला आल्यात. त्यांचा न दिसणाऱ्या पदार्थावरही फारसा विश्वास नाही आणि सरांच्या नियमावरही नाही. त्या म्हणाल्या की चव्वेचाळीस पुन्हा पहिल्यापासून मोज आणि सहा महिने आलेख काढायचा नाही. तेच करते आहे.

तुझ्यावर राग नाही. गुडघ्याच्या गोळ्या आई वेळेवर घेते का बघ. प्रेम आटू देऊ नकोस.

वैजू


बंगळूर
३० ऑगस्ट २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या क्षेत्रात मोठी बातमी आली. परदेशातल्या एका गटानं दोन पुंजके एकमेकांतून आरपार गेलेले पकडले. धडकेत वायू मधेच अडकून राहिला आणि दीर्घिका पुढे निघून गेल्या. दिसणारा बहुतेक माल वायूतच असतो. सरांचा साधा नियम खरा असता तर ओढही मधेच, वायूपाशी असायला हवी होती. ती दीर्घिकांबरोबर पुढे गेलेली सापडली. म्हणजे न दिसणारं काहीतरी तिथं आहे. सर म्हणतात अजून सगळं सिद्ध झालेलं नाही, आणि तेही खोटं नाही. पण त्यांचा चेहरा उतरलाय. आणि हे सगळं दिसलं कशात, तर एका जोडात. मी फेकून द्यायला शिकले त्यातच.

सरांचा उतरलेला चेहरा बघून मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं. संध्याकाळी स्वतःचाच उबग आला. मला सत्याचं काही पडलेलं असतं तर नुसता चेहरा बघून पोट भरलं नसतं.

असो. माझा प्रबंध ऑक्टोबरात छापायला जाईल. निष्कर्ष एका वाक्याचा आहे, की या चव्वेचाळीस पुंजक्यांवरून दोन्हींतला कुठलाच पक्ष खरा ठरवता येत नाही. बाईंना तो आवडला. त्यात एका पानावर मला आईचं नाव घालायचं आहे, की नंबर झाकून मिसळलेल्या चित्रांतून ही निवड धोंडाबाई गेणू पोखरकर, शेतकरी, खोडद, तालुका जुन्नर, यांनी दोनदा केली आणि दोन्ही वेळा सारखी आली. यावेळी कुणी हसणार नाही. तिला विचार आणि तिचा होकार कळव. नाव छापलेलं बघून तिला आनंद होईल.

सगळ्यांवर लोभ आहेच, तो तिकडूनही असू दे.

वैजू


खोडद
२४ सप्टेंबर २००६

चि. वैजूस,
अनेक आशीर्वाद.

आईला वाचून दाखवलं. नाव ऐकून तिला आनंद झाला, नाही असं नाही. शेतकरी लिहिलंस ते पुन्हा वाचायला लावलं. मग उठून चुलीकडे गेली. मला वाटलं विषय संपला.

जेवण झाल्यावर म्हणाली की दोनदा कसं, तीनदा झालं. मी म्हणालो की पहिलं धरायचं नसतं, ते चुकून झालं. तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण मागे एकदा मी गाळलं होतं आणि त्याचं काय झालं ते आपण बघितलं. "नाव घालायचं तर तिन्ही येळचं घाला. पैल्यांदा म्या न बघता हो म्हणले, त्ये बी लिवा. आन मला आदी कुनी सांगितलं, त्ये बी. न्हाईतर माजं नावच नगं."

मी समजूत घालायला गेलो की प्रबंधात असलं कुणी लिहीत नाही, पोरीचं हसं होईल. ती म्हणाली की तिनं तिचंही लिहावं, मग माझं एकटीचं हसं होणार नाही. वर मलाच विचारलं की तिला तिचं लिहायला कमीपणा वाटतो का.

याचं उत्तर तूच देशील असं मी तिला सांगितलं. तुझं तू दे.

माझं नावही येणार असेल तर येऊ दे. दुर्बिणीवरचे साहेब वाचतील, वाचोत.

आशीर्वाद आहेतच,
गोरख


बंगळूर
१५ ऑक्टोबर २००६

ती. दादास आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आईचा निरोप वाचून मी दोन आठवडे प्रबंधाला हात लावला नाही. तळटीपेत एक ओळ घालून भागेल का, असं बघितलं. परिशिष्टात बारीक टाइपात घालून बघितलं. पाच पुंजके प्राथमिक टप्प्यावर वगळले गेले होते, असं लिहून बघितलं, जणू ते आपोआप उठून गेले. बाई म्हणाल्या की नियमानं एवढंही लागत नाही, सोडून दे. सोडून देता आलं असतं. मग आईचं नाव काढावं लागलं असतं.

शेवटी जे छापायला दिलं ते मराठीत करून खाली लिहिते. ते त्रेसष्टाव्या पानावर आहे, बाकीचा मजकूर ज्या टाइपात आहे त्याच टाइपात.

‘ही निवड धोंडाबाई गेणू पोखरकर यांनी तीन वेळा केली. पहिल्या वेळी कोणती चित्रं जोड म्हणायची हे त्यांना त्यांचा मुलगा गोरख यानं आधी सांगितलं होतं आणि त्यांनी न बघता होकार दिला. त्या वेळी चित्रं दोन पाकिटांत वेगळी करून पाठवणारी मी होते. त्याआधी मी स्वतः पाच पुंजके, आलेखावर ते नको त्या जागी पडले म्हणून, जोड ठरवून काढून टाकले होते. पुढच्या दोन्ही वेळी धोंडाबाईंना काहीही सांगितलं नव्हतं, आणि या प्रबंधात तीच निवड धरली आहे.’

टाइप करताना दोनदा उठून बाहेर जावं लागलं. बाहेरचे परीक्षक हे वाचतील, सर वाचतील, पुढे ज्या कुठल्या ठिकाणी नोकरी मागायला जाईन तिथले वाचतील. लिहून टाकलं की हलकं वाटतं असं सगळे म्हणतात. दादा, मला हलकं वाटलं असं आईला सांगू नकोस. वाटलेलं नाही.

दोघांच्या पायांशी,
वैजयंती